लांबून खाकरणारे

अनिपाने सासऱ्यांचं नाव चौतीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्यात तिचं विशेष कौतुक नाही, आमच्या तोरू-बुलाक गावातली कुठलीच सून ते काढत नाही. सासऱ्यांचं नाही, चुलतसासऱ्यांचं नाही, मोठ्या दिरांचंही नाही. लग्न होऊन आली की नवऱ्याच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांची नावं तिने विसरायची आणि आपल्या मनाने दुसरी शोधायची. अनिपाने शोधली होती. एक चुलतसासरे ताडमाड, ते 'उंच'. दुसऱ्यांना पायी चालताना कुणी पाहिलंच नव्हतं, ते 'घोड्यावरचे'. एक मोठे दीर आयुष्यभर काही ना काही शोधत असायचे, ते 'कुठं-ठेवलं'. सासरच्यांना नावं ठेवायची अशी राजरोस सोय सुनांना दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

घरात हे चालून जातं. पण अनिपा बावीस वर्षं गावच्या दूध संकलन केंद्रावर बसत होती, आणि केंद्राच्या वहीतही तिने हीच नावं लिहिली. जे बोलायचं नाही ते लिहायचं तरी कशाला, असा तिचा साधा विचार. सकाळी लोक कॅन घेऊन यायचे. ती दूध मोजायची, फॅट बघायची, नमुन्याची छोटी बाटली भरून ठेवायची आणि वहीत खरडायची: उंच, अठरा लिटर. घोड्यावरचे, अकरा. शहरातल्या कारखान्याला लिटरशी मतलब. वही उघडून नावं कुणी वाचली नाहीत. सासरचे चौदा पुरुष त्या वहीत टोपणनावांनी सुखाने नांदत होते.

मग कारखान्याने प्रोग्राम आणला. दूध, ट्रक, दह्याचे डबे, चीज, गोदाम, दुकानं, असा सगळा कारभार एकत्र बांधणारा. तो बसवायला बिश्केकहून बेगिमाय नावाची मुलगी आली. वय सव्वीस, पायात पांढरे बूट, जे आमच्या गावात दोन दिवसही पांढरे राहिले नाहीत. तिने अनिपाच्या स्वयंपाकघरातच लॅपटॉप मांडला, कारण केंद्रात शेगडी नव्हती आणि फेब्रुवारी महिना होता. वयाने मोठ्या बाईला म्हणतात तसं ती अनिपाला एजे म्हणायची.

"एजे, सगळं एका गोष्टीवर आहे," चहात साय घालून घेत ती म्हणाली. "एक माणूस, एक क्रमांक. इथे एकदा घातलं की गुरांच्या डॉक्टरला दिसतं, ट्रकवाल्याला दिसतं, कारखान्यात दिसतं. दह्याचा डबा दुकानात गेला तरी आपण उलटं मागे येऊन सांगू शकतो, यात कुणाकुणाचं दूध आहे."

"आणि माणूस मेला तर?"

"क्रमांक बंद करतात. पण पुसत नाहीत."

अनिपाला हे आवडलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाची आठवण सात पिढ्या ठेवतात, तसंच झालं हे, असं तिला वाटलं. कामाला ती कचरणारी नव्हती आणि यंत्राचं भयही तिला नव्हतं. तिचं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

कारखान्याकडून आलेल्या छापील यादीत पासपोर्टवरची नावं होती. अनिपाच्या वहीत अनिपाची. दोन्ही जुळवून एकेकाला क्रमांक द्यायचा होता. गावातले बाकीचे दीड दिवसात उरकले. मग सासरचे आले.

"'उंच' म्हणजे कोण, एजे?"

अनिपाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"तोंडाने सांगितलंत तर लवकर होईल हो."

"तू लग्न करून ये आमच्या गावात, मग बघते तुझं तोंड."

बेगिमाय हसली. तिची आजीही असंच करायची, एवढं तिला आठवत होतं. मग अनिपा बोट ठेवत गेली आणि ती बटणं दाबत गेली. तेरा जण असे बिनबोभाट आपापल्या क्रमांकावर बसले. चौदावं नाव वाचून मात्र बेगिमायला ठसकाच लागला.

"'लांबून खाकरणारे'? हे कोण? खोकला आहे का त्यांना?"

हे अनिपाचे सासरे. आणि त्यांना खोकला कधीच नव्हता.

लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात अनिपा सगळ्यांबरोबर वरच्या कुरणावर गेली होती. वीस वर्षांची पोर. पहाटेपासून घोड्यांचं दूध काढणं, पाणी आणणं, चूल, लोकर, आणि नव्या सुनेने सासऱ्यांसमोर पाय पसरून बसायचं नाही, उघड्या डोक्याने दिसायचं नाही, पाठ करायची नाही. दुपारी यूर्टमध्ये, म्हणजे कुरणावरच्या तंबूत, कुणी नसलं की ती रुमाल सोडून जमिनीवर अंग टाकायची. इतरांचे सासरे दारावरचा लोकरीचा नमदा वर करून सरळ आत यायचे. तिचे सासरे ओढ्यापाशी, चाळीस पावलांवर थांबायचे आणि मोठ्याने खाकरायचे. मग उगाच घोड्याचं खोगीर काढत वेळ काढायचे. ते दारात येईपर्यंत अनिपा उठून, रुमाल बांधून, मान खाली घालून उभी असायची. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. तिने मनात त्यांचं नाव ठेवलं, आणि बाकीच्यांची टोपणनावं तिने जावांना हसत हसत सांगितली तरी हे कुणालाही सांगितलं नाही.

छापील यादीत त्यांचं खरं नाव पानाच्या मधोमध होतं. त्यावर बोट ठेवायचं, एवढंच. पण तेरा जणांवर फिरलेलं बोट तिथे उचलेना. ही मुलगी आत्ताच हसली. उद्या कारखान्यात सांगेल, परवा ट्रकवाला गावात सांगेल, आणि तेरवा ते म्हाताऱ्यांच्या कानावर जाईल. सून माझ्या मागे मला काय म्हणते, तर खाकरणारा! अनिपाने यादी दूर सारली.

"हे तुझ्या यादीत नाहीत," ती म्हणाली.

"मग नवीन क्रमांक देऊ?"

"दे."

बेगिमायने चारशे सतरा क्रमांक दिला. छापील यादीतलं पासपोर्टवालं नाव आपल्या दोनशे सहा क्रमांकावर तसंच राहिलं, त्यावर दुधाचा थेंबही जमा होत नव्हता, आणि तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मार्चपासून केंद्रावर दिवा लागायला लागला. कॅनवरची क्रमांकाची चिकटपट्टी यंत्रापुढे धरली की हिरवा, म्हणजे ओता. लाल, म्हणजे परत न्या. कागद नाही, वाद नाही. पूर्वी कुणाच्या गाईला इंजेक्शन दिलं की डॉक्टर अनिपाच्या खिडकीवर टकटक करून सांगून जायचा. आता तो फोनवरच बंदी घालायचा आणि पुढच्या गोठ्यात जायचा. यंत्राला कळवलं की सगळ्यांना कळलं, असं त्याला शहरात शिकवलं होतं.

मे महिन्यात सासऱ्यांच्या काळ्या गाईची कास सुजली. ते धाकट्या मुलाबरोबर वरच्या गल्लीत राहायचे, अनिपाचं घर खालच्या गल्लीत, त्यामुळे तिला पत्ता नव्हता. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, दोनशे सहा क्रमांकावर पाच दिवसांची बंदी घातली आणि म्हाताऱ्यांना वडिलांच्या नात्याने हाक मारून सांगितलं, "अताके, काही दिवस तुमचं दूध चालणार नाही. केंद्रावर लाल दिवा लागेल. हिरवा झाला की समजा सुटलात."

म्हातारे सांगितलेलं तसंच करणारे. एक दिवस ते थांबले. दुसऱ्या सकाळी सुटलो की नाही हे बघायला कॅन गाडीत घालून केंद्रावर आले. फाटकातूनच नेहमीसारखे खाकरले. अनिपाने रुमाल सारखा केला, कॅन घेतला, यंत्रापुढे धरला.

"पोरी, हिरवाच आहे ना? नीट बघ."

"हिरवा आहे, अताके."

"मग बरं. यंत्राला माहीत."

एक्याऐंशी वर्षांचा माणूस, नजर अधू झाली म्हणून विचारत असेल, असं तिला वाटलं. तिने दूध टाकीत ओतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ओतलं, तिसऱ्या दिवशीही.

कारखान्यात दोन टन दुधाला विरजण लागलं नाही. दुधात औषध होतं. त्यांनी टाकीपासून मागे येत येत तोरू-बुलाक गाठलं, मग अनिपाने ठेवलेल्या नमुन्याच्या बाटल्या तपासल्या, आणि तीन बाटल्या बोलल्या. चारशे सतरा, चारशे सतरा, चारशे सतरा. या क्रमांकाला पासपोर्ट नाही. पण त्या क्रमांकाचा कॅन कुणाच्या गाडीतून उतरतो हे गावात शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

कारखान्याचा व्यवस्थापक मेदेत दुसऱ्याच दिवशी वरच्या गल्लीत गेला. त्याने सरळ विचारलं, एका नावावर बंदी आली तर दुसरं नाव आधीच काढून ठेवलं होतं का? आणि केंद्रावर सून बसलीय म्हणून ते सोपं गेलं का? म्हाताऱ्यांना निम्मं कळलं, निम्मं नाही. ते एवढंच म्हणाले, "दूध बंद करायचं तर कर बाबा. पण खोटं नाव घेतलं म्हणू नकोस." मेदेत शनिवारी सगळ्यांसमोर बोलू म्हणाला आणि निघाला. पुढे ठेवलेल्या नानचा तुकडा त्याने तोंडाला लावला नाही. इथे भांडण करून निघालेला माणूसही तुकडा तोडून जातो. म्हातारे तो नान पुढ्यात ठेवून संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते, असं जावेने येऊन अनिपाला सांगितलं.

शुक्रवारी बेगिमाय आली. या वेळी बूट काळे होते.

"एजे, चारशे सतरा कोण?"

अनिपाने तोंडात मिठाची गुळणी धरली नाही. सगळं सांगितलं. कुरण, ओढा, चाळीस पावलं, यादीवर न ठेवलेलं बोट. सांगताना तिला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही. "त्यांचा मान राखायला गेले," ती म्हणाली, "आणि गावासमोर त्यांनाच चोर केलं."

बेगिमायने लॅपटॉप न उघडताच बाजूला सारला. "हसले मी. तिथेच चुकलं," ती म्हणाली. "आणि कागद न बघता नवा क्रमांक द्यायचाच नसतो. माझं कामच ते. मी उद्या सांगते, प्रोग्राममध्ये बिघाड झाला. तुमचं नावच येणार नाही."

"येणार नाही. त्यांचं येईल. तू यंत्रावर ढकलशील, गाव म्हाताऱ्यावर ढकलेल. म्हणतील, तोंड बंद ठेवायला पोरीला मेंढी कापून घातली."

"मग मी खरं सांगते. ते नाव कुणाचं, का ठेवलं, सगळं."

"आणि मी काय तुझ्या मागे लपून बसू? मीच लिहिलं, मीच बोलेन." बोलली खरी, पण ते शब्द सासऱ्यांच्या समोर उच्चारायचे होते. खरं नाव घेणं वाईट, हे नाव घेणं त्याहून वाईट. चौतीस वर्षं ज्याच्याकडे पाठ केली नाही त्या माणसाला भर गावात सांगायचं, की मी तुम्हाला मनात असं म्हणते.

शनिवारी केंद्राच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली. म्हातारे बाकावर बसले होते, डोक्यावर पांढरी कलपाक टोपी, सणाला घालतात ती. तेवढं बघूनच अनिपाला भडभडून आलं. आपल्याला चोर ठरवायच्या सभेला हा माणूस नीटनेटका होऊन आला होता.

मेदेत बोलायला उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण दोन टन दूध गटारात सोडून आला होता. "डॉक्टरने बंदी घातली," तो म्हणाला. "यंत्रात लाल. तरी तीन दिवस दूध आलं, चारशे सतरा क्रमांकावर. हा चारशे सतरा कोण, हे आज मला कळलं पाहिजे. आणि बंदी चुकवायला दुसरं नाव घेणाऱ्याचं दूध आपण यापुढे घेणार नाही. त्याचं नाव फाटकावर लागेल, म्हणजे जिल्ह्यातही कुणी घेणार नाही."

"लाव की!" मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्याकडे एक दिवस फॅट कमी लागली तर किती ऐकवता!"

म्हातारे उठायला लागले. त्याआधी अनिपा उठली.

"चारशे सतरा मी लिहिला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हणाली. "मी लिहिला. त्यांना ठाऊकसुद्धा नाही. बावीस वर्षं वहीत मी त्यांना ज्या नावाने लिहिलं त्याच नावाने यंत्रात गेले. बेगिमायने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, की हे यादीत नाहीत. यादीत होते. डॉक्टरने बंदी घातली ती त्या नावावर, आणि दूध येत राहिलं या नावावर. त्यांनी मला विचारलं होतं, हिरवा आहे ना, नीट बघ. मीच म्हटलं हिरवा आहे."

अंगणात कुजबूज सुरू झाली. मेदेतने हात वर केला.

"एजे, असं का केलंत?"

"नाव घेता येत नाही म्हणून."

बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही. पुरुषांमध्ये एक-दोघे हसू लागले आणि आपापल्या बायकांकडे बघून गप्प झाले.

"मग वहीत काय नाव लिहिलंय?" मेदेतने विचारलं. "मला दोन्ही नावं लागतील. हे आणि ते, एकाच माणसाची, सगळ्यांसमोर. त्याशिवाय मी कागदावर काय लिहू?"

अनिपाने मान खाली घातली. पायाखालच्या फरशीवर दुधाचा वाळलेला डाग होता, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "लांबून खाकरणारे."

आता मात्र हशा पिकला. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली, "बरोबर आहे, खाकरतोय जन्मभर!" अनिपा तशीच उभी होती. कान तापले होते. मेदेतलाही हसू आवरेना, पण त्याने तोंड पुसलं आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "आणि दुसरं, एजे? पासपोर्टवरचं?"

तिने तोंड उघडलं. ते नाव तिला यायचं, न यायला काय झालं, छापील यादीत पानाच्या मधोमध वाचलं होतं. पण जीभ वळेना. हसणारेही गप्प झाले.

"सुबानकुल," बाकावरून आवाज आला.

म्हातारे काठी टेकून उभे राहिले होते.

"तिला कशाला विचारतोस? तिचं तिने सांगितलं. माझं मी सांगतो. सुबानकुल. लिहून घे." मग जरा थांबून ते म्हणाले, "दुधाचं चुकलं. मला दिव्याऐवजी माणसाला विचारायला हवं होतं, की डॉक्टरने घातलेले बंदीचे दिवस संपले का. ते मी यापुढे करीन."

मेदेतने लिहून घेतलं. बंदी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची ठरली. डॉक्टरने यंत्राला कळवायचंच, पण केंद्राच्या खिडकीवर टकटकही करायची, हे त्याने बेगिमायला विचारूनच सगळ्यांसमोर सांगितलं. अनिपाला तो म्हणाला, "एजे, आणखी कुणी असलं असं लपलेलं, तर आजच सांगा." ती म्हणाली, आणखी कुणी नाही. मग मेदेत बाकापाशी गेला, थर्मासशेजारच्या ताटातला नान उचलून त्याने म्हाताऱ्यांपुढे धरला. त्यांनी तोडला, त्यानेही तोडला. फाटकावर कुणाचंच नाव लागलं नाही.

माणसं पांगल्यावर बेगिमायने केंद्राच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन ओळी शेजारी शेजारी आल्या आणि खाली प्रश्न: या दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?

"तुम्ही दाबा, एजे. यातली एक राहील, पासपोर्टवाली. दुसरीतलं सगळं दूध तिच्यात जाईल आणि ती बंद होईल."

"बंद होईल. पुसणार नाही ना?"

"पुसत नाहीत."

अनिपाने बटण दाबलं. मागे काठीचा आवाज आला म्हणून ती घाईने वळून उभी राहिली. म्हातारे दारात होते. आज ते न खाकरताच आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, त्यांना तिथलं काही वाचता येण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे तुला कळलं होतं तर," ते म्हणाले.

"पहिल्याच उन्हाळ्यात, अताके."

त्यांनी मान हलवली. मग ते वळले आणि अंगण ओलांडून गाडीकडे निघाले. फाटकापाशी पोचल्यावर ते खाकरले. या वेळी ते कुणाला कळावं म्हणून खाकरले नव्हते.